शिक्का वाचायचा की पाहायचा?

आजचा विषय कळल्यापासून दोघा-तिघांनी विचारून ठेवलं आहे, की जपानी दगडी शिक्क्यांचा आणि खान्देशाचा संबंध काय? सरळ संबंध नाही. पण ज्या गावात ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहासाचार्य राजवाड्यांनी डोळे मिटले, आणि १९२७ पासून त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ जुने कागद सांभाळत बसलं आहे, त्या धुळ्यात शिक्क्यांबद्दल बोलायचं नाही तर कुठे बोलायचं? आपल्याकडे शिक्के पुष्कळ आहेत. ते वाचणारेही आहेत. ते पाहणारे मात्र फार थोडे. म्हणून थोडा वेळ जपानला जाऊन यायचं, आणि तिथे एखादा नवशिका पहिल्या महिन्यात काय शिकतो ते बघून परत आपल्या कागदांकडे वळायचं.

जपानीत या कलेला तेनकोकु म्हणतात. ‘तेन’ म्हणजे तेनशो, चिनी लिपीचं फार जुनं वळण, जे रोजच्या लिहिण्यातून जाऊन दोन हजार वर्षं होत आली. ‘कोकु’ म्हणजे कोरणं. मऊ दगडाचा एक चौकोनी ठोकळा, त्याच्या टोकावर उलटी अक्षरं कोरायची, लाल रंगात दाबायची आणि कागदावर उमटवायची. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात, सुलेखनकार आपल्या कामाखाली हा शिक्का मारतो. कला मूळची चीनची. जपानने ती घेतली, सतराव्या शतकात चीनहून आलेल्या भिक्षूंनी तिला नवी चालना दिली, आणि मग तिथे ती शिकण्या-शिकवण्याची एक पक्की रीत बसली. मला रस आहे तो त्या रीतीत.

साहित्य थोडंसंच आहे. दगड साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर चौरस. नवशिक्याला बहुधा चीनच्या छिंगथ्येनचा दगड देतात, कारण तो एकसारखा मऊ असतो. हातोडी लागत नाही. इनतो नावाची पोलादी सुरी, दोन्ही बाजूंनी धार केलेली, पेनासारखी किंवा मुठीत धरायची आणि ढकलत किंवा ओढत न्यायची. दगड पकडायला लाकडी शिकंजा. काचेवर पॉलिशपेपर ठेवून दगडाचं तोंड सपाट घासायचं, हे पहिलं काम. आणि रंग, त्याला इनदेई म्हणतात. तो कशाचा बनतो ऐका: हिंगूळ, एका वनस्पतीच्या पानांचे मऊ तंतू, आणि एरंडेल. हिंगूळ म्हणजे आपल्या पोथ्यांमधे लाल दंड ज्याने काढत तोच. एरंडेलाबद्दल खान्देशात मी काही सांगायला नको. इथल्या मागच्या पिढीतल्या प्रत्येकाने ते नाक दाबून प्यायलेलं आहे. (हशा)

आता आपला काळा दगड या कामाला का चालत नाही, हेही सांगून टाकतो, कारण प्रश्न येतोच. आपण बेसॉल्टवर बसलेलो आहोत. पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईच्या हातात छिन्नी-हातोडी का असते? कारण बेसॉल्ट ढकलून कापला जात नाही, तो फक्त ठोकून फोडता येतो. ठोकण्यातून टिंब मिळतं, रेघ मिळत नाही. रेघ म्हणजे टिंबांची रांग. तेनकोकुत सुरी दगडातून न थांबता जाते, म्हणून तिथे रेघेला सुरुवात, वेग आणि शेवट असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. शिक्का पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो, की ही रेघ ढकललेली आहे, ठोकलेली आहे, की ओतलेली आहे?

शिक्क्याचे दोन मूळ प्रकार. हाकुबुन, म्हणजे पांढरं अक्षर: अक्षर खोदायचं, ठसा मारला की भोवती लाल आणि अक्षर कोरं. आणि शुबुन, म्हणजे लाल अक्षर: अक्षर सोडून बाकी सगळं खोदून काढायचं. नवशिक्याला आधी हाकुबुन देतात. सोपं वाटतं, कारण जे लिहिलं तेच खोदायचं. पण थोड्याच वेळात कळतं, की डोळ्याला दिसतं ते अक्षर नसतंच. दोन अक्षरांच्या मधे उरलेला लाल पट्टा दिसतो. तो कुठे जाड, कुठे बारीक, कुठे कडेला चिकटलेला. शिक्षक बघतो तो त्या पट्ट्याकडे. हे ऐकायला गूढ वाटेल, पण अगदी व्यवहाराची गोष्ट आहे. घर बघताना आपण भिंती मोजत नाही, खोल्या बघतो, तसंच.

आणि अक्षर उलटं. इथे आपलं उदाहरण घेऊ. ‘धुळे’ हे दोन अक्षरी नाव दोन सेंटीमीटरच्या चौकोनात बसवून बघा. ‘ध’ची शिरोरेषा अर्धवट असते, डावीकडे वर उघडी जागा. त्याच्या खाली उकार. ‘ळ’ला वर मात्रा. म्हणजे एक अक्षर खाली उतरतंय, दुसरं वर चढतंय, आणि मधे आडवी शिरोरेषा दोघांना बांधून ठेवतेय. चौकोनाचा वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा रिकामा राहतो. आता हे उलटं करा. मात्रा दुसरीकडे झुकायला हवी. गंमत अशी, की ‘ळ’ची दोन पोटं जवळजवळ सारखी असल्यामुळे ते अक्षर सुलट आहे की उलट हे पटकन कळत नाही, आणि मग नवशिका त्यावर सवयीने मात्रा सरळ टाकतो. ठसा उठल्यावर घरातली म्हातारी विचारते, ‘हाई काय शे?’ तिचा प्रश्न रास्त असतो. म्हणून जपानी पद्धतीत आधी कागदावर मसुदा होतो, मग आरशात बघून तो दगडावर शाईने उतरवला जातो, आणि मग सुरी लागते. कोरणं हा सगळ्यात शेवटचा आणि तुलनेने कमी वेळाचा भाग आहे. एका तासात ‘आपल्या नावाचा जपानी शिक्का बनवा’ अशा कार्यशाळा मोठ्या शहरांतून होतात. त्यांना माझा विरोध नाही, सुट्टीचा दिवस बरा जातो. पण तिथे मसुदाच गाळला जातो, आणि मसुदा गाळला की उरतं ते दगड खरवडणं.

देवनागरीची अडचण जरा नीट मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तेनशोतलं प्रत्येक अक्षर आपल्या खोलीत चारही भिंतींपर्यंत ताणता येतं. लांब करा, आखूड करा, ते वाचता येतं. आपलं अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं वरून लटकतं. वर मात्रा-वेलांट्यांचा एक मजला, खाली उकारांचा एक मजला, आणि हे दोन्ही मजले निम्मे रिकामे. शिक्क्याच्या बंद जागेत ही रिकामी जागा बोचते. चौकटीत देवनागरी घट्ट बसवणं हा खराखुरा आकृतीचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो कुणीतरी सोडवलेला आहे. कुणी सोडवला त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, कारण आपण शिक्क्यावर नाव वाचतो ते मालकाचं.

तर आता आपल्या शिक्क्यांकडे. शब्दांपासून सुरू करू. ‘शिक्का’ अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ नाणं पाडायचा साचा. ‘मोर्तब’ही अरबीच, अर्थ रचलेलं, व्यवस्थित लावलेलं. मराठी कागदावर मुख्य शिक्का वेगळा, आणि मजकूर संपला तिथे मारायची छोटी मुद्रा वेगळी. ती मोर्तब, किंवा मर्यादेची मुद्रा, लेखनसीमा. ती मारली की पुढे कुणी एक अक्षर घुसडू शकत नाही. दोन्ही झालं की कागद पक्का, म्हणून आपण आजही ठरावावर शिक्कामोर्तब करतो. लांब पत्रं कागदाचे बंद एकाला एक चिकटवून लिहीत, त्या सांध्यावर मागून शिक्का मारला जाई, म्हणजे मधला बंद बदलता येऊ नये. थोडक्यात, या शिक्क्यांना काम होतं. जपानी चित्रावरच्या शिक्क्याला असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त जोखमीचं काम.

याच कागदांवर एक गोष्ट आहे, ती डोळ्यांसमोर असून आपण बघत नाही. पत्र मोडीत आहे. शिक्का देवनागरीत आहे. शिवकालापासून पेशवाईपर्यंत बहुतेक असंच. का? नेहमीचं उत्तर असं, की संस्कृत मजकूर म्हणून बाळबोध. पण छोट्या मुद्रांवरचा मजकूर कित्येकदा साधा मराठी असतो, तरी लिपी देवनागरीच. माझं मत असं, की कारण हत्याराचं आहे. मोडी ही बोरूची लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरामागून अक्षर वळवत जायचं, हा तिचा जीव. कोरणाऱ्याचा हात प्रत्येक रेघेला उचलावाच लागतो. त्याला सुटं, उभं, थांबणारं अक्षर हवं असतं. शिवाय शिक्का वाचायचा तो कारकुनाने नव्हे, ज्याला मोडी धड येत नाही अशा पाटलानेही तो आकारावरून ओळखायचा. जपानमधे तेच घडलं: रोजचं लिहिणं घसरत्या कांजी-कानात, शिक्का मात्र कधीच मागे पडलेल्या तेनशोत. दोन समाज, एकमेकांशी काही देणंघेणं नाही, आणि दोघांनीही शिक्क्यासाठी चालती लिपी बाजूला ठेवून उभी लिपी राखली. हे मला योगायोग वाटत नाही.

मी पाहिलेल्या बहुतेक मराठी ठशांत शाई भोवती आहे आणि अक्षर कोरं आहे. म्हणजे जपानी भाषेत हाकुबुन. त्याचा इतिहास दोन्हीकडे वेगळा. चीनचे जुने हान काळातले शिक्के कागदासाठी नव्हतेच, मातीच्या गोळीवर दाबायचे होते. खोदलेलं अक्षर मातीवर उठून दिसायचं. जपानच्या फुकुओकाजवळ शिकानोशिमा बेटावर १७८४ मधे एका शेतात सोन्याची मुद्रा सापडली, तीही अशीच. इ. स. ५७ मधे चिनी दरबाराने तिथल्या एका राजाला दिलेली ती हीच, असं मानतात. प्रत्येक बाजू सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास, वजन शंभर ग्रॅमच्या जरा वर, अक्षरं पाच. पाच अक्षरं, आणि एकही जागा वाया नाही. तेनकोकु शिकणारा आजही आधी अशाच हान शिक्क्यांच्या नकला कोरतो. आपल्याकडे पांढरं अक्षर आलं ते मुघल आणि दख्खनी दरबारांच्या वळणाने, जिथे अकीकासारख्या कठीण खड्यात फारसी मजकूर खोदून काळ्या शाईत दाबत.

शहाजीराजांचा शिक्का फारसी, जिजाऊंचा फारसी. आणि १६४६ च्या रांझ्याच्या पाटलाच्या पत्रावर शिवाजीराजांची संस्कृत, अष्टकोनी मुद्रा. भाषेच्या या बदलाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, ते योग्यच. मला आकृतीबद्दल बोलायचं आहे. अनुष्टुभ छंद, बत्तीस अक्षरं. फारसी लिपी वळते, एकावर एक चढते, खडा भरून टाकते. त्या सवयीच्या जगात कुणीतरी एका कारागिराला सांगितलं, की ही बत्तीस अक्षरं, जोडाक्षरांसह, आठ कडांच्या आत बसव. त्याने काय केलं? शब्दांची पर्वा केली नाही. जागा संपली की ओळ तोडली, शब्द मधे का तुटेना. अक्षरं रुंदीला दाबली, उंचीला वाढवली, वरच्या-खालच्या मजल्यांतली मोकळी जागा शेजारच्या ओळीतल्या मात्रांनी भरली. अष्टकोनाच्या वर आणि खाली ओळ आपोआप आखूड होते, मधे लांब. म्हणजे श्लोक फुगतो आणि पुन्हा आवळतो. मजकूर वाढत्या चंद्राबद्दल आहे. कारागिराने ते मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला पुरावा नाही. पण ठशात ते दिसतं, आणि दिसतं ते नाकारायचं कशाला?

आता हीच मुद्रा आज कुठे दिसते बघा. गाडीच्या काचेवर, टी-शर्टवर, लग्नपत्रिकेवर. नव्वद टक्के वेळा काय असतं? अष्टकोन ठेवलेला, आत संगणकातला देवनागरी टंक, ओळी मधोमध आणलेल्या, सगळ्यांची उंची सारखी, चारी बाजूंना ऐसपैस समास. शब्द नीट तोडलेले, वाचायला सोपं. भक्ती खरी असेल, पण मुद्रा मेलेली. अक्षर कडेला टेकलेलं नाही, त्यामुळे कड नुसती चौकट झाली, फोटो फ्रेमसारखी. मूळ शिक्क्यात कड ही भिंत आहे, अक्षरं तिच्यावर रेलतात, तिला ढकलतात. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाचं नवं निशाण आलं, त्यात शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, दुहेरी सोनेरी कडांचा. तिथे ते मला पटतं, कारण आत श्लोक नाही, नांगर आणि राजचिन्ह आहे. आकार उसना घेतला आणि काम नवं दिलं. वाईट वाटतं ते दुसऱ्या प्रकाराचं, जिथे मजकूर तोच, आकार तोच, आणि कोरणाऱ्याचा हात तेवढा पुसलेला.

आणि हात पुसण्याचं काम टी-शर्टवाल्यांनी सुरू केलेलं नाही. ते छापील साधनांपासून सुरू झालं. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मधे काढला. तेव्हापासून आपल्याकडे कागद छापण्याची जी पद्धत पडली, तिच्यात शिक्क्याच्या जागी कित्येकदा ‘शिक्का’ एवढाच शब्द कंसात येतो. दिलाच तर मजकूर देतात, सरळ ओळीत, तुटलेले शब्द जोडून, शुद्धलेखन दुरुस्त करून. आकार सांगतील: गोल, अष्टकोनी. मापं क्वचित. ठसा पूर्ण उठलाय की अर्धा, शाई दाट की पुसट, कोरणारा कुठे चुकला आणि कुठे त्याने सावरून घेतलं, यातलं काही नाही. राजवाड्यांना मी दोष देत नाही. कागद वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या तावडीतून सोडवायचे, गावोगाव पायपीट करायची, खिशात पैसे नाहीत, आणि प्रत्येक शिक्क्याचा ठोकळा बनवून छापायचा म्हणजे त्या काळी केवढा खर्च. त्यांनी मजकूर वाचवला, हेच थोर. प्रश्न आपला आहे. आज ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्याकडे राजवाड्यांच्या छापखान्यापेक्षा बरं यंत्र आहे, आणि तरी आपण कागद स्कॅन करताना मजकुराचा भाग सरळ लावतो आणि पाठीवरचे सांध्याचे शिक्के सोडून देतो. पाठ कोरी म्हणून!

हा दोष फक्त मराठी कागदांचा नाही. असीरगड आज मध्य प्रदेशात आहे, पण १६०१ मधे अकबराने घेईपर्यंत तो फारुकींच्या खान्देशाचा किल्ला. तिथे मौखरी राजा शर्ववर्म्याची सहाव्या शतकातली तांब्याची मुद्रा मिळाली होती. वंशावळीसाठी ती अभ्यासकांनी पुष्कळ वापरली. तिच्यावर बैल आहे, सोबत दोन माणसं. बैल चालतोय. त्या चालण्याबद्दल मात्र मला कुठे धड दोन ओळी वाचायला मिळाल्या नाहीत.

मग पाहायला शिकायचं कसं? जपानी उत्तर सरळ आहे: नक्कल करा. मोकोकु म्हणतात त्याला, जुना चांगला शिक्का घेऊन तो तसाच, त्याच मापाचा, त्याच्या तुटलेल्या कडेसकट कोरायचा. आपल्याला नक्कल म्हटलं की कमीपणा वाटतो. पण अजिंठा आठवा. जळगावहून साठेक किलोमीटर. आराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ मधे कलकत्त्याला आले, आणि १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्यातल्या बऱ्याच नकला टोकियोच्या विद्यापीठात होत्या आणि १९२३ च्या भूकंपात गेल्या. नकला गेल्या; पण महिनोन्महिने अंधारात त्या रेघा पुन्हा ओढल्यामुळे आराईंच्या स्वतःच्या चित्रात जे आलं ते गेलं नाही. आपण अजिंठ्याला जातो, गाईड टॉर्च मारतो, पद्मपाणी बघून होतो, फर्दापूरला चहा घेतो. पाहणं संपलं.

नक्कल करताना एक मोह नवशिक्याला हमखास होतो, त्याबद्दल सावध करतो. जुन्या शिक्क्यांच्या कडा तुटलेल्या असतात, म्हणून नवा शिक्का कोरून झाल्यावर सुरीच्या दांड्याने त्याच्या कडा ठोकून जराशा फोडण्याची एक रीतच आहे. चांगल्या हातात ती गरजेची असते: जिथे कड फार जड झाली तिथे ती हलकी होते. पण बहुतेक वेळा ते नव्या भांड्याला पोचे पाडून पुराणवस्तू म्हणून विकण्यासारखं दिसतं. मराठी शिक्क्यांची झीज खरी आहे. धातू झिजला, खाचेत शाई साठली, कारकुनाने घाईत तिरका दाबला. ती झीज वाचायची असते, तिचं सोंग आणायचं नसतं.

भांड्यांवरून आठवलं. आपल्याकडे देवनागरी कोरणारा माणूस अजून पूर्ण संपलेला नाही. इथल्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या सुभाष चौकाकडे भांड्यांच्या दुकानात जुना माणूस असेल तर बघा. रुखवताच्या भांड्यांवर नाव घालून देणारा. आता सगळे विजेचं यंत्र वापरतात, ते टिरटिर करत सगळ्यांची नावं एकाच वळणात काढतं. पण घरात पितळेचा जुना डबा असेल तर त्याच्यावरचं आजीचं नाव नीट बघा. छोट्या छिन्नीने टिंबाटिंबाने ठोकलेलं. डब्याच्या गोलाईवर शिरोरेषा कशी वळवली आहे, ‘यांजकडून’मधला ‘ज’ जागा कमी पडल्यावर कसा दाबला आहे, तारीख कुठे कोंबली आहे. अष्टकोनात बत्तीस अक्षरं बसवणाऱ्याचे प्रश्न आणि या माणसाचे प्रश्न एका जातीचे आहेत. याला मी लोककला वगैरे म्हणून डोक्यावर घेणार नाही, बरीच नावं भिकार कोरलेली असतात. पण भिकार कुठली आणि चांगली कुठली, हे सांगता यायला हवं, आणि ते आपण कधी सांगितलेलं नाही.

जपानमधे, आणि त्याआधी चीनमधे, इनपु नावाचा पुस्तकाचा प्रकार आहे. शिक्क्यांच्या ठशांची वही. प्रत्येक पानावर खरा ठसा, मूळ मापात, भोवती भरपूर कोरी जागा. मजकुराचं वाचन बाजूला बारीक. बघणारा आधी आकृती बघतो, मग वाचतो. मराठी शिक्क्यांची अशी वही करावी, आणि ती धुळ्यात करावी, कारण कागद इथे आहेत. मोठा प्रकल्प नको. कागदाशी बारीक मोजपट्टी ठेवायची, एक फोटो सरळ उजेडात, एक बाजूने तिरक्या उजेडात, म्हणजे दाबलेला खड्डा दिसतो. पाठीचे सांधे सोडायचे नाहीत. एकाच शिक्क्याचे दहा ठसे मिळाले तर दहाही घ्यायचे, कारण त्यांतून कळतं की तो कधी झिजला, आणि कधी नवा करवून घेतला. बनावट कागदाचे खटले आपल्या वतनदारांनी पिढ्यान्‌पिढ्या लढवले; खरा ठसा आणि खोटा ठसा यातला फरक तेव्हाच्या लोकांना डोळ्याने कळत होता. तो डोळा आपण गमावला आहे, आणि मजकुराच्या शुद्ध प्रती कितीही छापल्या तरी तो परत येत नाही.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, की सुरुवात करायची तर दगड कुठून आणायचा आणि कोरायचं काय. दगड जपानहून मागवायची गरज नाही. झाशी, ललितपूर, टिकमगड भागात पायरोफिलाइटचा मऊ दगड निघतो, महोब्याच्या गौरा दगडाच्या वस्तू त्याच्याच. तो नखापेक्षाही मऊ, त्यामुळे कडा लवकर ढासळतात, पण सरावाला उत्तम. सुतार वापरतो ती अगदी बारीक पटाशी धार करून घेतली तरी पहिला महिना निघतो. धूळ मात्र नाकात जाऊ देऊ नका. तोंडाला रुमाल बांधा, आणि फुंकर मारायची नाही, ब्रशने झाडायचं. आणि स्वतःचं नाव कोरू नका. स्वतःच्या नावावर माणूस फार प्रेम करतो, त्याला त्यातली वाईट जागा दिसत नाही. राजमुद्रेलाही लगेच हात घालू नका, बत्तीस अक्षरं आहेत. एखादी लेखनसीमेची छोटी मुद्रा घ्या, पाच-सहा अक्षरांची. मूळ मापात तिचा फोटो छापून घ्या, आरशात धरा, आणि आधी आठवडाभर नुसती पेन्सिलीने उतरवा. पुढच्या वेळी येताना ठसे घेऊन या, इथे टेबलावर मांडू.